१६०० मीटर पळून थांबल्यावर ठोके किती उतरतात: पोरं आणि काका लोक, प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीचा फराळ संपत आला आणि सकाळची हजेरी परत लागायला लागली, म्हणून आजपासून लिहायला घेतलं. विषय निघाला अजिंक्यताऱ्याच्या चढावर. आमच्या ग्रुपमध्ये दोन पिढ्या पळतात, एक पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, १९ ते २४ ची, आणि दुसरे आमचे काका लोक, ५५ च्या पुढचे, त्यातले दोघं तर सातारा हिल हाफ मॅरेथॉन पहिल्या वर्षापासून म्हंजे २०१२ पासून पळतायत, यवतेश्वरचा घाट त्यांच्या अंगणातला. मागच्या आठवड्यात वर पोचल्यावर त्यातलेच एक काका घड्याळात बघत म्हणाले, "आमचं इंजिन आता लवकर गार होत नाही सर, पोरांचं बघा, लगेच उतरतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही. कारण त्याच काकांना मी चढ संपल्यावर अर्ध्या मिनिटात गप्पा मारताना बघितलंय आणि भरतीची दोन पोरं तेव्हा गुडघ्यावर हात ठेवून वाकलेली होती.

तर प्रश्न असा, की जोरात पळून थांबल्यावर पहिल्या मिनिटात ठोके किती खाली येतात आणि त्यात वयाचा हात किती आणि सरावाचा किती. मी ज्युनियरला फिजिक्स शिकवतो, डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या हृदयावर निकाल द्यायचा नाही हे आधीच ठरवलं. फक्त मोजायचं.

५० च्या वरच्या सगळ्यांना सांगितलंय, ईसीजी काढून आणि डॉक्टरांना दाखवून या, नाहीतर टेस्टला उभं करणार नाही. थोडी कुरकुर झाली पण ऐकलं.

१३ नोव्हेंबर

आज पोरांना ग्राउंडच्या पायरीवर बसवून समजावलं की नेमकं काय मोजतोय.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींची एक छोटी गाठ असते, ठोक्याचा इशारा तिथनं निघतो. तिला एकटी सोडली तर ती मिनिटाला साधारण १०० ठोके देते. मग बसल्या बसल्या आपले ६० किंवा ७० च का पडतात? कारण मेंदूकडनं येणारी व्हेगस नावाची नस सतत ब्रेक दाबून असते. पळायला लागलो की आधी हा ब्रेक सुटतो, त्यानंतर दुसऱ्या नसा आणि ॲड्रेनलिन मिळून ॲक्सिलरेटर देतात. थांबल्यावर उलटं होतं, ब्रेक काही सेकंदात परत लागतो, पण रक्तात मिसळलेलं ॲड्रेनलिन ओसरायला कित्येक मिनिटं जातात. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटाची, मिनिटाची घसरण ही मुख्यतः ब्रेकची ताकद दाखवते आणि पुढचा संथ उतार हा दोन्हीचा मिळून असतो.

जपानमध्ये इमाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९९४ मध्ये छान दाखवलं होतं. ॲट्रोपिन नावाचं औषध देऊन त्यांनी तो ब्रेकच बंद केला, तर पहिल्या ३० सेकंदांची झपाट्याची घसरण मंदावली. बर्फात स्कीइंग करणाऱ्या खेळाडूंमध्ये ती घसरण सगळ्यात जोरात होती आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये अगदी मंद.

एका पोराने विचारलं, "सर मग ब्रेक चांगला म्हंजे गाडी चांगली का?" चांगला प्रश्न आहे. पूर्ण गाडी नाही, पण ब्रेक तर कळतो.

आम्ही या पहिल्या मिनिटाच्या घसरणीला "उतार" म्हणायचं ठरवलं, घाटामुळे सगळ्यांच्या तोंडात तो शब्द बसलेला आहेच.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली टेस्ट. ग्राउंडला ४ राउंड, १६०० मीटर, भरतीला असतं तेवढंच, जीव लावून पळायचं. ७ पोरं आणि ६ काका. थांबलं की शिट्टी, मग ०, ३०, ६०, १२० सेकंद आणि ५ मिनिटं असे ठोके लिहायचे.

सगळा गोंधळ झाला. अर्ध्यांच्या हातात मनगटी घड्याळं होती. ती चामडीवर हिरवा लाइट टाकून रक्ताच्या लाटा मोजतात आणि बऱ्याचदा मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवतात, त्यामुळे माणूस थांबून १५ सेकंद झाले तरी आकडा वरच. थंडीने हात गार पडले की अजून चुकतात. छातीचे पट्टे चारच होते, उसने आणलेले. शिवाय कुणी थांबून उभं राहिलं, कुणी चालत राहिलं, एक पोरगा सरळ गवतावर आडवा. दोघं जण बोटांनी गळ्याची नाडी बघत होते, त्यांना मी लगेच थांबवलं, गळ्यावर जोरात दाब पडला की ठोके आपोआप कमी होतात आणि वयस्कर माणसाला चक्करही येऊ शकते. नाडी बघायची तर मनगटावर.

एका काकांचं, वय ६१, पट्ट्याचं रीडिंग तर काहीच्या काही आलं. थांबताना १६८, मग १५२, मग १७७, मग १४९, परत १७१. पट्टा कोरडा राहिला असेल, पाणी लावायचं विसरलो असेन असं समजून त्या ओळीवर रेघ मारली आणि पुढे "वगळले, पट्टा खराब" असं लिहिलं.

२० नोव्हेंबर

नियम लिहून ग्रुपवर टाकले. फक्त छातीचा पट्टा, आतून ओला करून. चौघांची बॅच. थांबल्यावर ६० सेकंद नुसतं उभं, बोलायचं नाही, मग हळू चालायचं. टेस्टआधी दोन तास चहा नाही. हा शेवटचा नियम काका लोकांना सगळ्यात जड गेला.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज नीट झालं! १२ जण, ६१ वाले काका लग्नाला गेले होते.

नियमित सराव असणारी भरतीची पोरं १९० च्या वर गेली आणि मिनिटात तिशीच्या वर उतरली. आमचे ५८ चे काका, घाटवाले, १६६ वर थांबले आणि मिनिटात १३६. म्हंजे ३० चा उतार. सगळ्यात चांगल्या पोराचा १९४ वरून १५८, म्हंजे ३६. आकडा पोराचा मोठा, पण तो उतरायला सुरुवातच वरच्या मजल्यावरून करतो. जिथनं सुरुवात झाली त्याच्या किती टक्के उतरला असं बघितलं तर दोघंही १८ च्या आसपास. वयात ३७ वर्षांचा फरक आणि उतारात जवळजवळ नाहीच. काकांना आकडा दाखवला तर ते दोन वेळा चष्मा लावून बघत होते.

आणि याच्या उलट, एक २१ चा पोरगा, वर्षभर काहीच न करता मागच्या महिन्यात आलेला, १९८ वरून १७९. फक्त १९.

जुन्या संशोधनाशी हे जुळतं. १९८८ मध्ये डार आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि पन्नाशी पुढचे, सराव असलेले आणि नसलेले, असे गट करून हेच बघितलं होतं, त्यात सराव असलेल्यांचे ठोके भराभर उतरले आणि वयाने फार फरक पडला नाही. आमची १२ माणसं म्हंजे काही संशोधन नव्हे. पण आपल्या ग्राउंडवर, आपल्या माणसात ते दिसलं याचा आनंद वेगळाच.

१ डिसेंबर, रविवार

टेस्ट नाही. १९ उतारवाला पोरगा घाबरून घरी आला. त्याने कुठेतरी वाचलं की उतार कमी असला की माणूस लवकर मरतो. त्याच्या आईने पण विचारायला फोन केला होता.

हे कुठनं आलं ते त्याला नीट सांगितलं. १९९९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी, कोल वगैरेंनी, २४२८ लोकांना ट्रेडमिलवर चालवून ६ वर्षं त्यांचा मागोवा घेतला. पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. पण ती माणसं सरासरी ५७ वर्षांची होती, हृदयाच्या तपासणीसाठी दवाखान्यात पाठवलेली, आणि थांबल्यावर ती हळूहळू चालत होती. आपल्या २१ च्या पोराला, उभ्याने, ग्राउंडवर मोजलेल्या आकड्याला ती रेघ लावायचीच नाही. तुझे १९ म्हंजे सराव नाही एवढंच, तीन महिन्यांनी परत बघू. चहा पिऊन गेला, जाताना जरा हसत होता.

या गोष्टीने मी मात्र अस्वस्थ झालो. आकडे ग्रुपवर उघडे टाकले ते चुकलं माझं. आजपासून ज्याचे आकडे त्यालाच.

८ डिसेंबर, रविवार

आज फक्त एक गोष्ट तपासली, थांबल्यावर माणूस कसा आहे यावर उतार किती बदलतो. तेच चौघं, एकदा उभं राहून, मधे चांगली ४० मिनिटं विश्रांती देऊन परत पळून एकदा आडवं होऊन. चौघांचाही उतार आडवं झाल्यावर जास्त. कारण सरळ आहे, उभं असताना पायात रक्त साठतं, हृदयाकडे कमी येतं, प्रेशर राखायला ठोके वरच ठेवावे लागतात, आडवं झालं की पायातलं रक्त परत येतं आणि ब्रेक आरामात लागतो. दवाखान्यात पण म्हणूनच रेघ वेगळी असते, क्लीव्हलँडच्याच २००१ च्या अभ्यासात पळून लगेच आडवं केलेल्या लोकांसाठी १२ ऐवजी १८ धरले होते.

म्हणून कुणी दुसऱ्या गावच्या ग्रुपचे आकडे आणून आमच्याशी लावले की मी आधी विचारणार, उभे होता का झोपला होता?

एक जाणवलं ते लिहून ठेवतो, ६० सेकंद पुतळ्यासारखं उभं राहणं काका लोकांना त्रासदायक होतंय, एकाला डोळ्यापुढे अंधारी आली. पळून थांबल्यावर पायाच्या शिरा सैल असतात आणि पोटऱ्यांचा पंप बंद पडलेला असतो. आता उभं राहायचं पण जागच्या जागी टाचा वर-खाली करत, आणि शेजारी एक पोरगा उभा.

१५ डिसेंबर, रविवार

जास्तीत जास्त ठोके किती, यावर आज ग्राउंडवर बराच वाद. सगळ्यांना २२० वजा वय एवढंच माहितीये. तो हिशोब १९७१ च्या सुमाराचा आहे. २००१ मध्ये तनाका वगैरेंनी भरपूर अभ्यास एकत्र करून दुसरा मांडला, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. चाळिशीला दोन्ही १८० च देतात, पण ६१ ला पहिला १५९ देतो आणि दुसरा १६५, आणि विशीत पहिला २०० आणि दुसरा १९४. म्हंजे जुन्या हिशोबाने काका लोकांना उगाच भीती घातली जाते, आणि तरीही दोन्ही सरासरीच, एकेका माणसात १० इकडे किंवा १० तिकडे सहज असतं. वय वाढलं की हा वरचा आकडा खाली येतो आणि तो कितीही सराव केला तरी थांबत नाही, तेवढं मात्र काकांचं खरं आहे.

आज नवीन एक काका आले, ६४, बीपीची मेटोप्रोलॉलची गोळी चालू. १२६ वर गेले, १११ वर आले. ती गोळी ॲड्रेनलिनचा परिणामच अडवते, ठोके वर जाऊच देत नाही, मग उतरणार कुठनं. ते मला म्हणाले, "सर पुढच्या रविवारी गोळी नाही घेत, मग बघू खरा आकडा." मी हात जोडले त्यांना. माझ्या एका तक्त्यासाठी कुणी गोळी चुकवली आणि काही झालं तर मी आयुष्यभर तोंड दाखवू शकणार नाही. ती गोळी अचानक बंद करणं धोक्याचं असतं. त्यांची ओळ तुलनेतनं काढली, पण त्यांचा त्यांच्याशी हिशोब चालू ठेवला, ते दर रविवारी येणार आहेत.

२२ डिसेंबर, रविवार

६१ वाले काका आज आले. नवा पट्टा, चांगला ओला केलेला, मी स्वतः बांधला. पळताना १५८, १६१, व्यवस्थित. थांबले. १६१, १४४, १७३, १३८, १६९.

आधी वाटलं परत पट्टा. तोच पट्टा काढून शेजारच्या पोराला लावला, त्याचे ठोके एकसारखे उतरत होते. मग मी काकांचं मनगट धरलं. नाडीला तालच नव्हता. दोन लागोपाठ, मग खंड, मग एक जोरात, मग तीन हलके. सहा-सात मिनिटं तसंच आणि मग अचानक, एखादा नळ बंद करावा तसं, सरळ झालं.

काकांना विचारलं, काही जाणवतं का? आधी "काही नाही" म्हणाले. मग पोरं लांब गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "वर्ष झालं सर. घाट संपला की छातीत कबुतर फडफडल्यागत होतं. वय झालं म्हणून असेल. घरी सांगितलं तर पळणं बंद करतील."

पाच आठवडे. १७ नोव्हेंबरला तेच माझ्या वहीत होतं आणि मी त्यावर रेघ मारली. फिजिक्सच्या पोरांना प्रॅक्टिकलला मीच सांगतो की न जुळणारं रीडिंग आधी परत घ्या, मग काय ते ठरवा. काकांनी रात्रंदिवस घाट पळला या पाच आठवड्यात.

त्यांना तिथंच सांगितलं की उद्याच डॉक्टर, आणि मी सोबत येतो. आणि घरी आज सांगायचं.

२३ डिसेंबर

दवाखान्यात ईसीजी एकदम सरळ. नोव्हेंबरचापण सरळच होता. काका माझ्याकडे बघून म्हणाले, बघा, काही नाही. मी वही पुढे केली, १७ नोव्हेंबर आणि २२ डिसेंबर दोन्ही पानं. डॉक्टरांनी ते आकडे दोनदा वाचले आणि म्हणाले की ईसीजी म्हंजे दहा सेकंदांचा फोटो, येऊन जाणारी गोष्ट त्यात सापडेलच असं नाही. होल्टर लावायचा, दिवसभर अंगावर राहणारा रेकॉर्डर. शिवाय इको, म्हंजे हृदयाची सोनोग्राफी, आणि थायरॉइडची रक्त तपासणी. तोपर्यंत जोराचं पळणं बंद.

३० डिसेंबर

होल्टरमध्ये सापडलं. एट्रियल फिब्रिलेशन, येऊन जाणारं. वरचे कप्पे नीट आवळायच्या ऐवजी नुसते थरथरतात, त्यामुळे ठोक्यांचा ताल जातो. मोठी भीती ठोक्यांची नसते, वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिस. रक्त पातळ ठेवायची गोळी लागेल का नाही हे वय, बीपी, शुगर असं सगळं बघून डॉक्टर ठरवतात. काकांना बीपी आहे हेही याच निमित्ताने कळलं.

काकू समोर बसून होत्या. मला वाटलं माझ्यावर चिडतील. त्या एवढंच म्हणाल्या, "ह्यांनी मला एक वर्ष सांगितलं नाही."

५ जानेवारी २०२५, रविवार

टेस्ट घेतली नाही. ग्राउंडवर सगळ्यांना गोल बसवलं आणि काकांच्या परवानगीने त्यांची गोष्ट सांगितली.

साहजिकच प्रश्न आला की पळण्यामुळेच झालं का. एका माणसाबद्दल ते सांगताच येत नाही, बीपीनेही होतं, वयानेही होतं. पण वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचे खेळ खेळणाऱ्या पुरुषांमध्ये हे जास्त दिसतं एवढं खरं आहे. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत असते, तिथल्या ५२,७५५ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये आला, ज्यांनी जास्त वेळा शर्यत पुरी केली आणि ज्यांचा वेग जास्त त्यांच्यात ठोक्यांचा ताल बिघडण्याचं प्रमाण जास्त होतं. एक काका लगेच म्हणाले मग सोडायचं का पळणं. अजिबात नाही! नियमित व्यायाम करणारा माणूस एकूणात जास्त जगतो, हे कितीतरी अभ्यासात परत परत दिसलंय. एड व्हिटलॉकने २००४ मध्ये टोरंटोला ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत मारली, हे पोरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना. पळा, पण फडफड झाली, चक्कर आली, छातीत दाब आला तर लपवू नका.

मग एकेकाला मनगटावर नाडी धरायला शिकवली. फक्त किती ते नाही, ताल कसा ते. हे खरं तर पहिल्या दिवशीच शिकवायला हवं होतं.

उठताना आणखी दोन काकांनी बाजूला घेऊन सांगितलं की कधीकधी आम्हालाही चढावर छातीत कसंतरी होतं. दोघांनाही पाठवलंय.

२१ जानेवारी

परवा १९ ला टाटा मुंबई मॅरेथॉन झाली, आमचे तिघं काका फुल आणि दोन पोरं हाफ पळून आले. सकाळी उठल्या उठल्या अंथरुणातच नाडी मोजायची हे महिनाभर करतायत सगळे. पोरांची दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी. काकांची आज तिसऱ्या सकाळीही नेहमीपेक्षा ६-७ ने वर. अंतर वेगळं होतं त्यामुळे तुलना बरोबरीची नाही, पण साध्या रविवारच्या टेस्टनंतरही थोडं असंच दिसलेलं. म्हंजे काकांचं पहिलं मिनिट पोरांसारखंच, पण पूर्ण थकवा उतरायला दिवस जास्त लागतात. ते जे म्हणायचे "इंजिन लवकर गार होत नाही" ते बहुतेक याबद्दल असावं आणि मी त्यांना पहिल्या मिनिटाचा आकडा दाखवून गप्प केलं. त्यांना जाऊन सांगितलं की तुमचं अर्धं बरोबर होतं.

२ फेब्रुवारी, रविवार

त्या दोन काकांपैकी एकाचं सगळं नॉर्मल. दुसऱ्याची स्ट्रेस टेस्ट व्हायचीय.

१९ उतारवाल्या पोराची परत टेस्ट. १९५ वरून १६८, म्हंजे २७. अडीच महिने एकही दिवस चुकवला नाही त्याने. आईला फोन लावला तिथनंच.

६४ चे गोळीवाले काका १२५ वरून १०८, आधी १५ होता आता १७, त्यांच्यासाठी तोही आनंदाचा.

एक पोरगा मागच्या आठवड्यात तापाने पडला होता तरी पळायला आलेला, त्याला परत पाठवला. व्हायरल तापात कधीकधी हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि तेव्हा जोराचं पळणं जिवावर बेतू शकतं. भरतीची तारीख जवळ आली की पोरं ऐकत नाहीत, म्हणून वडिलांनाही सांगितलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

६१ वाले काका ग्राउंडवर आले. डॉक्टरांनी चालायला आणि बोलता येईल इतक्या हळू पळायला परवानगी दिलीय, गोळ्या चालू आहेत, घाट आणि रेस सध्या नाही. काकू पण सोबत होत्या, त्या आता रोज त्यांच्याबरोबर चालतात. मी काकांना स्टॉपवॉच दिलं आणि शिट्टी त्यांच्याकडे. दर माणूस थांबला की आधी ते त्याचं मनगट धरतात, ताल बघतात, मान हलवतात, मग मी आकडा लिहितो. आज १४ जणांचं झालं, चार बॅचमध्ये, एकही रीडिंग वगळलं नाही.

१७ नोव्हेंबरच्या पानावर रेघ मारलेली ओळ होती तिच्याखाली तेच आकडे परत स्वच्छ लिहिले, काकांसमोर, आणि "पट्टा खराब" खोडून त्यांच्याच हाताने "ताल बिघडलेला" लिहून घेतलं.

पुढची टेस्ट २ मार्चला. उन्हं वाढतायत, उन्हात ठोके तसेही वर राहतात आणि उतार कमी दिसतो, त्यामुळे सकाळी पावणेसातच्या आत संपवायची. पट्टे धुवून ठेवायचे.